दुधातलं सूप

सूप गरम होतं. हे आधी कळलं. ते आपण कधी केलं हे आठवत नाही, हे त्याच्या मागनं कळलं, आणि ओट्याची कड धरून उभा राहिलो.

तसं बघितलं तर काहीच झालं नव्हतं. मंगळवार होता, जुलैचा गारठा, आमच्याकडं तेव्हा ऐन हिवाळा, डोंगर अर्ध्यापर्यंत पांढरा. सकाळी ब्रेड भाजून खाल्ला, रेडिओ लावला, लाकडाच्या हिटरमध्ये एक ओंडका सरकवला आणि खुर्चीत टेकलो. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, तो तिथं लागला. उठलो तेव्हा साडेदहा होत आले होते, आणि अकराला बाई येणार होती. सरकारी बाई. आमच्याकडं म्हातारा माणूस एकटा राहत असला की एक दिवस अशी बाई येते, हातात कागद घेऊन. चार प्रश्न विचारते, कपाटं उघडून बघते आणि ठरवते, हा घरी राहू शकतो का ह्याला तिकडं पाठवायचा. तिकडं म्हणजे जिथं सगळ्यांना एकाच वेळी जेववतात आणि एकाच वेळी झोपवतात तिथं. माझी मुलगी जेनीन पर्थला असते, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिला मी फोनवर सांगून बसलो, चष्मा फ्रिजमध्ये सापडला ग. मी हसलो. ती हसली नाही. दोन आठवड्यांत बाईची तारीख आली.

तर अशा दिवशी मी स्वयंपाकघरात जातो, म्हणलं बाईसाठी कप काढून ठेवावेत, आणि बघतो तर शेगडी चालू. विजेची शेगडी, बटण एकवर, म्हणजे अगदी मंद. वर माझं चेपलेलं पातेलं, अर्धवट झाकलेलं. टेबलावर दोन वाडगे, दोन चमचे. सिंकजवळ टोमॅटो सूपचा रिकामा डबा, धुवून उपडा घातलेला, कापलेलं झाकण आत दाबून. आमच्या घरात डबा तसाच ठेवतात, कुणाचं बोट कापू नये म्हणून. आईनं लावलेली सवय. म्हणजे हात माझाच. घरात मी एकटा, सहा वर्षं झाली बायको जाऊन, बेरिल. दुसरा वाडगा कुणासाठी काढला मी?

पण हेही एक वेळ चाललं असतं. झाकण उचललं आणि रंग बघितला, तेव्हा खरी पाचावर धारण बसली. लाल नव्हता. गुलाबी होता. ताप उतरताना पोराच्या गालावर येतो ना, तसला गुलाबी. फ्रिज उघडला. काल बाईच्या चहासाठी म्हणून दुधाची लहान बाटली आणली होती, ती निम्म्याच्या खाली गेलेली. मी चहा कोराच पितो. दूध माझ्या घरात येत नाही. आणि टोमॅटोचं सूप मी जन्मभर पाण्यात करत आलोय, त्याला कारण आहे.

बाप जस्ताच्या कारखान्यात. पुढं मीही तिथंच, चौतीस वर्षं. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो आणि तोंडात गोडसर चव राहते, पत्र्याला साखर लावून चाटल्यासारखी. त्याच्यावर जुन्या लोकांचं औषध म्हणजे दूध. पाळीला दोन दोन बाटल्या ढोसायला लावायचे. बापाला त्या दुधाचा असा तिटकारा बसला की घरी त्याला दुधाचा वाससुद्धा चालायचा नाही. ‘दिवसभर तेच पितोय, आता ताटात नको,’ म्हणायचा. म्हणून आमच्याकडं सूप पाण्यातलं. डबा पातेल्यात पालथा करायचा, त्याच डब्यानं पाणी मोजायचं, ओतायचं, ढवळायचं, झालं. पण बापाची दुपारपाळी असली की आई आम्हा दोघा भावांकडं एक नजर टाकायची. डबा पालथा करायची आणि आमच्या वाटणीच्या दुधानं भरायची. मग ते सूप असं जाड, मऊ व्हायचं, जिभेवरून जाताना भांडायचं नाही. मी, डग आणि आई, टेबलाच्या एका टोकाला, तिघांनाही गुलाबी मिशा. डग माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, तो खिडकीकडं तोंड करून बसायचा, पहाऱ्याला. मागच्या फाटकाची कडी वाजली की आईचा हात पातेल्याकडं जायचा. भरलेलं पातेलं सिंकमध्ये उलटं, वर नळ सोडलेला, आणि आमची तोंडं तिच्या एप्रनला पुसलेली. बाप काही मारकुटा नव्हता हो. काही बोललाही नसता कदाचित. पण ते आमचं तिघांचं होतं, त्यात चौथा नको होता.

तर हे ठाऊक असलेली माणसं जगात तीन. आई गेली. डगशी मी अकरा वर्षं बोललेलो नाही, तो पुलापलीकडं राहतो. राहिलो मी. म्हणजे खुर्चीत झोपलेला नेव्हिल उठला, आणि उठला तो अठ्ठ्याहत्तरचा नव्हता, सात वर्षांचा होता. त्यानं डबा उघडला, दूध ओतलं, दोन वाडगे काढले, परत येऊन झोपला. माणूस असाच जातो, मी बघितलंय. आई अशीच गेली. एकदम नाही. आधी चार ताटं मांडायला लागली, बापाला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती तरी. मग दुधात सूप करायची आणि मध्येच कान टवकारून म्हणायची, ‘आला वाटतं,’ आणि अख्खं पातेलं सिंकमध्ये. एक दिवस ओतायची विसरली आणि पातेलं जळून कोळसा झालं. सगळ्या घरात जळक्या दुधाचा वास.

त्या वासाबद्दल मला सांगायचं नाहीये. पण आता सुरू केलंय तर सांगतो.

तिच्याकडंही अशीच बाई आली होती. कागदावर सही डगनं केली, थोरला म्हणून. आईला तिकडं नेली. आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो, डगनं आईला टाकली. बेरिलला सांगितलं, जेनीनला सांगितलं, कारखान्याच्या क्लबात बिअर पिताना सांगितलं. आईला पुरलं त्या दिवशी कबरीजवळ डगनं हात पुढं केला, तर मी खिशातनं हात काढला नाही. पण त्या बाईला पातेल्याचं कुणी सांगितलं? डग तेव्हा बाहेर गाडी लावत होता. बाईनं विचारलं, ‘कधी शेगडी चालू राहते का?’ आणि मी, मी म्हणालो, ‘गेल्या आठवड्यात पातेलं जाळलं तिनं.’ आई समोर बसली होती. माझ्याकडं बघून हसली. बिचारीला वाटलं मी काही गंमत सांगतोय.

घड्याळात पावणेअकरा. म्हणलं नेव्हिल, आता हे निस्तर. शेगडी बंद केली. पातेलं उचललं, सिंकवर नेलं, तिरकं केलं, आणि माझे हात बघितले. पातेलं तिरकं धरलेले, एक कान दाराकडं. हुबेहूब आई. तसाच थांबलो. ओतवेना. चमचा घेतला आणि म्हणलं एक घोट घेऊन तर बघू, फाशी जायचंच तर उपाशी कशाला.

आता काय सांगू. मी सूपवाला माणूस आहे. बेरिल होती तोवर रविवारी मांस भाजलेलं असायचं, बटाटे, भोपळा, सगळं. ती गेल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी महिनाभर झाकलेली भांडी आणून दिली. प्रत्येक भांड्याबरोबर एक तोंड यायचं, आणि ते तोंड विचारायचं, आता कसं वाटतंय? एक दिवस दार लावून घेतलं आणि मटार आणि हॅमचा एक डबा फोडला. डबा काही विचारत नाही बघा. गरम करा, प्या, धुवून टाका. त्या दिवशी महिन्यात पहिल्यांदा मला भूक लागली. तेव्हापासून ठरलेलं. सोमवारी मटार, त्याच्यात बुडवायला भाजलेल्या ब्रेडच्या पट्ट्या. भोपळ्याच्या सुपावर मिरपूड, नाकाला झोंबेल इतकी. मशरूमचं सूप डब्यातनं पडताना डब्याचाच आकार घेऊन पडतं, थरथरत उभं राहतं पातेल्यात, ते बघायला मला अजून मजा वाटते. पाकिटातलं चिकनचं, बारीक शेवयांचं, ते सर्दीला. कारखान्यात दहाच्या सुट्टीत आम्ही पाकीट कपात फोडायचो, वर उकळतं पाणी, आणि ढवळायला जे हाताला लागेल ते. तोंडात जस्ताची ती गोड चव असायची, काही खाल्लं तरी मातीच. फक्त ते खारं गरम पाणी आत पोचायचं. आपण अजून माणूस आहोत हे त्या कपामुळं कळायचं. म्हणून म्हणतो, मी सूपवाला आहे. पण हा घोट, सत्तर वर्षांनी. गोड नाही, आंबट नाही, दोघांच्या मधलं काहीतरी, आणि घशाखाली उतरताना ते जुनं, न भांडणारं. वेडा होत असेन तर होऊ दे, असं वाटलं एक क्षणभर. तीन चमचे उभ्याउभ्या प्यायलो. मग दाराची बेल वाजली.

बाई दहा मिनिटं लवकर आली. मी पातेलं झाकलं आणि ओव्हनमध्ये ढकललं. वाडगे कपाटात. ओठ बाहीला पुसले. चांगले तीनदा पुसले.

रोवेना तिचं नाव. पस्तिशीची असेल, नाक लाल, हातात कागद आणि रुमाल. ‘सॉरी हं नेव्हिल, सर्दी झालीय, लांबच बसते.’ बाई बरी वाटली, तेच वाईट. वाईट बाईशी भांडता तरी येतं. तिनं तीन शब्द दिले, लक्षात ठेवायला. छत्री, लिंबू, पूल. मग साल विचारलं, वार विचारला, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. मी काढलं. ‘आता ते तीन शब्द?’ छत्री म्हणालो. पूल म्हणालो. आमच्या गावात पूल कुणी विसरत नाही, एकदा पडलाय तो. मधला गेला. जिथं शब्द होता तिथं नुसतं गुलाबी. ‘असू दे,’ ती म्हणाली आणि काहीतरी लिहिलं. असू दे म्हणताना जे लिहितात तेच खरं असतं.

मग तिनं कपाट उघडलं. वरच्या फळीवर डबे, लाल लाल, हिरवे, भोपळ्याचे नारिंगी, लेबलं सगळी पुढं तोंड करून. खाली पाकिटं, पत्त्यांसारखी उभी.

‘बाप रे. नेव्हिल, हे सगळं सूप?’

‘एक मधाची बाटली आहे बघा मागं.’

‘भाजीपाला काय खाता?’

‘मटार, भोपळा, टोमॅटो, मशरूम. वाचा की लेबलं.’

ती हसली आणि शिंकली. ‘अहो पण मीठ किती असतं ह्याच्यात!’

‘बाई, चौतीस वर्षं जस्ताच्या धुरात काढली. मिठाशिवाय माझ्या जिभेला निरोपच पोचत नाही.’

‘बरं, मग दुपारी जे करता ते मला करून दाखवा. मी नुसती बघते.’

हे मला जमतं. म्हणलं हिला सर्दी आहे, हिला पाकिटातलं देऊ. दुसरं लहान पातेलं काढलं, पाणी मोजलं, उकळी येईपर्यंत पाकीट फोडलं नाही, लोक तिथंच घाई करतात. शेवया सोडल्या. एक अंडं वाटीत फेटलं, आणि शेवया मऊ झाल्यावर आच कमी करून एका हातानं धार सोडली, दुसऱ्यानं काट्यानं गोल फिरवत राहिलो. अंड्याचे पिवळे धागे झाले. वर लिंबू. लिंबू! ‘लिंबू!’ मी ओरडलो. ‘तो शब्द, मधला!’

‘फळीवर लिंबू दिसतंय तुमच्या,’ ती म्हणाली, पण हसत. शेगडी बंद केली, तिला दिसेल अशी, बटणावर बोट ठेवून दाखवली. कप हातात दिला. दोन्ही हातांनी धरून प्यायली ती, वाफ नाकात घेत. अर्धा कप झाल्यावर रुमाल खाली ठेवला आणि म्हणाली, ‘हे पाकिटातलं आहे? खरंच?’ मला माझंच कौतुक वाटलं. म्हणलं सुटलो. चाललंय.

‘छान. शेवटचं एक,’ ती म्हणाली, ‘ओव्हन वापरता का?’ आणि उघडला.

ओव्हनमध्ये पातेलं. तिनं झाकण उचललं. गरम सूप, अजून वाफ येणारं. तिनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला माहीत होतं. आईच्या स्वयंपाकघरात ती दुसरी बाई आईकडं असंच बघत होती, दयेनं, वाकून.

‘नेव्हिल,’ आवाज अगदी मऊ केला तिनं, ‘हे कधी केलंत तुम्ही?’

आता खोटं बोलायला काय लागत होतं? सकाळी केलं, गरम राहावं म्हणून ठेवलं. चार शब्द. जिभेवर तयार होते. घर वाचलं असतं. हिटर, खुर्ची, माझे डबे, खिडकीतला तो डोंगर. पण तोंड उघडलं आणि समोर बेरिल नाही, जेनीन नाही, आई दिसली. माझ्याकडं बघून हसणारी. तिच्याबद्दल तेवढं खरं बोलायला जीभ कशी पटकन वळली होती माझी. मग आता स्वतःबद्दल का नाही?

‘माहीत नाही,’ मी म्हणालो. ‘झोपलो होतो. उठलो तर होतं. शेगडी चालू होती. दोन वाडगे होते. मी केलं असणार, मला आठवत नाही. घाबरलो आणि लपवलं.’

तिनं कप खाली ठेवला. पेन उचललं नाही. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. आणि मागचं दार धाडकन उघडलं.

‘कुठलं रे हे तुझं गाव! कोपऱ्यावरचं दुकान कुठं गेलं?’

डग. एक्क्याऐंशी वर्षांचा, टोपी कानावर ओढलेली, धापा टाकणारा, एका बगलेत ब्रेड, दुसऱ्या हातात दुधाची मोठी बाटली. अकरा वर्षांत अर्धा झालेला. मी त्याच्याकडं बघतोय, रोवेना त्याच्याकडं बघतेय, आणि तो शेगडीकडं.

‘अरे, माझं सूप कुठं गेलं?’

माझ्या तोंडातनं निघालं ते एवढंच, ‘तीन वर्षं झाली दुकान बंद होऊन.’

‘मग मला कुणी सांगायचं? पार हायवेपर्यंत चालत गेलो, गुडघे मोडले माझे. पाच मिनिटांत येतो म्हणून निघालो होतो.’

‘आत कसा आलास?’

‘मीटरच्या पेटीतली किल्ली. सगळ्या गल्लीची किल्ली मीटरच्या पेटीत असते, काय विचारतोस?’

‘अरे मग मला उठवायचं की!’

‘घोरत होतास. आईसारखं तोंड उघडं टाकून. म्हणलं झोपू दे गाढवाला. फळीवर ब्रेडची दोन टोकं फक्त, त्याच्याबरोबर सूप कसं पिणार?’

‘चिठ्ठी तरी लिहायची!’

‘चष्मा घरी राहिला माझा.’

मी मटकन खुर्चीत बसलो. थंडीत भिजलेले बूट काढल्यावर पायांना वाटतं ना, तसं बरं वाटलं. मी केलं नव्हतं. मी सात वर्षांचा झालो नव्हतो. माझे हात माझेच होते. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतनं पाणी, आणि रोवेनाचा रुमाल मी नकळत उचलून नाक पुसलं. ‘अहो, तो माझा!’ ती ओरडली. उशीर झाला होता.

तिनं कागद पुढं ओढला. ‘तुम्ही भाऊ?’

‘थोरला,’ डग म्हणाला. ‘ह्याच्या मुलीनं फोन केला काल. म्हणाली, काका, डॅड घाबरलाय पण सांगत नाही. म्हणून दोन बस बदलून आलो. आयुष्यभर बस चालवली, आता लोकांच्या बसमध्ये बसतो, ब्रेक लावायलासुद्धा येत नाही ह्या पोरांना.’

‘मला एक विचारायचंय तुम्हाला,’ रोवेना म्हणाली. ‘शेगडीचं. नेव्हिलनं कधी शेगडी चालू ठेवलेली बघितलीय तुम्ही?’

तोच प्रश्न. तेच शब्द जवळजवळ. मी टेबलाकडं बघत राहिलो. अकरा वर्षं मी ह्या माणसाचं नाव खराब करत फिरलो, आणि आता माझं घर ह्याच्या जिभेवर. दुसरा कुणी असता तर उट्टं काढलं असतं.

डगनं टोपी काढली. डोक्यावर चार केस. ‘बाई, ह्याला मी अकरा वर्षांनी बघतोय. आज शेगडी चालू ठेवली ती मी. ते माझ्या नावावर लिहा. ह्याच्या नावावर लिहायचंच असेल तर घोरतो एवढं लिहा.’

रोवेनानं खरंच काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, घरीच राहा तुम्ही. दर गुरुवारी दोन तास एक बाई येईल, तिच्याशी भांडू नका. शेगडीला आपोआप बंद होणारं एक बटण बसवून देतील. हिवाळा संपला की मी परत येईन, आणि तोवर फळीवर एक तरी गाजर दिसलं पाहिजे, खरं, लेबल नसलेलं. दारात वळून म्हणाली, ‘अंडं घालताना आच कमी करायची, हो ना?’

‘आणि एकाच दिशेनं फिरवायचं,’ मी म्हणालो.

ती गेल्यावर घर एकदम मोठं वाटलं. डगनं ओव्हनमधलं पातेलं परत शेगडीवर ठेवलं. घट्ट झालं होतं, वर साय धरलेली. त्यानं नव्या बाटलीतलं थोडं दूध ओतलं आणि लाकडी चमच्यानं बाजूबाजूनं सोडवायला लागला, तळाला न लावता. मनगट आईचं. मी वाडगे परत काढले, ब्रेड भाजायला टाकला. दोघं एकमेकांकडं पाठ करून उभे होतो, तसं बोलायला सोपं जातं.

‘डग,’ मी म्हणालो. ‘त्या पातेल्याचं. आईनं जाळलं त्याचं. त्या बाईला मी सांगितलं होतं.’

‘माहीत आहे.’

‘कसं?’

‘कागदावर लिहिलं होतं. धाकट्या मुलानं सांगितलं, म्हणून. सही करायच्या आधी वाचलं की मी. तेव्हा चष्मा होता माझ्याजवळ.’

‘मग बोलला का नाहीस? अकरा वर्षं?’

‘तू बोलत होतास कुठं?’ तो ढवळत राहिला. मग म्हणाला, ‘तू सांगितलं नसतंस तर मी सांगितलं असतं. जळालीच असती ती एखाद्या दिवशी, नेव्ह. घरासकट.’ आणि चमचा पातेल्याच्या कडेला टेकवून, ‘तिकडं दर गुरुवारी डबा घेऊन जायचो मी. नर्सांच्या खोलीत गरम करून द्यायचो, दुधात. मला ओळखायची नाही. सूप ओळखायची. पहिला घोट घेतला की दाराकडं बघायची आणि ओठ पुसायची.’

मला हे माहीत नव्हतं. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. पूल पडला तेव्हा हा दोन वर्षं बोटीनं नदी ओलांडून आईकडं यायचा दर रविवारी. आणि पूल धड उभा असताना मी तिकडं तिला बघायला महिन्यातनं एकदा जायचो, घड्याळ बघत.

टेबलाशी बसलो. तो सवयीनं खिडकीकडं तोंड करून बसला. भाजलेला ब्रेड तोडला, बुडवला. सूप आता मघापेक्षाही मऊ झालं होतं. चमचे वाजत होते तेवढेच. माझ्या जिभेला मिठाशिवाय काही पोचत नाही म्हणालो ना मी त्या बाईला, ते खोटं होतं, सगळं पोचत होतं. डगच्या वरच्या ओठावर गुलाबी मिशी आली. माझ्याही आली असणार, कारण तो माझ्याकडं बघून हसला, दात घरीच ठेवून आल्यासारखा.

तेवढ्यात मागच्या फाटकाची कडी वाजली.

आमचे दोघांचे चमचे हवेत थांबले. डग उठला, मी बघितलं, एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस गुडघ्यांसकट उडी मारून उठला, पातेलं धरलं आणि सिंकवर तिरकं केलं. माझी बाही माझ्या तोंडावर. दोघंही कान देऊन. कडी परत वाजली, आणि परत, आणि मग वाऱ्याचा एक झोत दाराखालून आत आला, डोंगरावरच्या बर्फाचा वास घेऊन.

कुणी नव्हतं.

‘बाप जाऊन चाळीस वर्षं झाली,’ डग म्हणाला, पातेलं तसंच धरून.

‘ठाऊक आहे,’ मी म्हणालो. ‘आण इकडं. वाडग्यात ओत.’